वाघाने वाढलेलं तूप

कोकणात, आचरे गावच्या घरी आजी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगायची ती फणस सोलता सोलता. म्हातारी लेकीकडे निघते, रानात वाघ आडवा येतो. आत्ता खाऊन तुला हाडंच मिळतील, लेकीकडचं दूधतूप खाऊन अंगाने भरते, मग खा, असं सांगून ती सुटते. इथे मी दर वेळी विचारायचो, "आजये, मगे वाघान काय केल्यान?" चिकाने माखलेली बोटं खोबरेल तेलात बुडवत आजी म्हणायची, "काय करतलो? रवलो वाट बघीत."

'नारबाची वाडी' पाहताना मला हा वाट बघणारा वाघ आठवला. आदित्य सरपोतदार यांचा हा चित्रपट २०१३ सालचा. त्याचं मूळ मनोज मित्र यांच्या १९७७ च्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकात आहे. तपन सिन्हा यांनी १९८० मध्ये त्यावर 'बांछारामेर बागान' काढला, आणि त्यातला म्हातारा स्वतः मनोज मित्रांनीच रंगवला. कागदोपत्री भोपळ्याच्या गोष्टीशी याचं काही नातं नाही. तरीही मला ही तीच गोष्ट वाटते, माडांच्या सावलीत नव्याने सांगितलेली.

नारबा थकलेला आहे आणि वाडवडिलांच्या वाडीवर त्याचा जीव आहे. रंगराव खोताला ती वाडी हवी असते. ती हाती न लागताच तो मरतो, आणि त्याचा मुलगा मल्हार तोच हव्यास पुढे चालवतो. आमच्याकडे खोत या शब्दाला नुसत्या श्रीमंतीचा वास येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्यासाठी विधेयक मांडलं होतं, प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. त्यामुळे गावाच्या कानाला तो शब्द आजही बोचतो. बाप आणि मुलगा दोघेही मनोज जोशींनीच साकारले आहेत. जमिनीसारखी भूकही वारशाने उतरते, हे त्या एका चेहऱ्यामुळे न बोलता कळतं.

मल्हार जोर करत नाही, करार करतो. नारबा जिवंत आहे तोवर दरमहा पैसे द्यायचे, तो गेला की वाडी खोताची. म्हातारा आता असा किती दिवसांचा! टीव्हीवर हा प्रसंग लागला तेव्हा आजी शेजारी बसली होती. ती चटकन म्हणाली, "ह्यो वाघ खुळो रे. आपणच तूप वाढता हा."

मला या चित्रपटाचं सगळं मर्म आजीच्या त्या वाक्यात दिसतं. लोककथेत तूप लेकीच्या घरचं होतं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली चेटकीण हॅन्सेलला पिंजऱ्यात ठेवून खाऊ घालते, पण किल्ली तिच्या हातात असते. नारबाला मात्र कुणी कोंडलेलं नाही. तो स्वतःच्या वाडीत बसून वाघाच्या पैशावर अंग धरतो आणि इकडे वाघच खंगत जातो. फ्रान्समधल्या आर्ल गावी हे खरोखर घडलं. झान काल्मां या नव्वदीच्या बाईंशी एका वकिलाने १९६५ मध्ये असाच सौदा केला. तीस वर्षं पैसे भरून १९९५ मध्ये तोच वारला. बाई १२२ वर्षं जगल्या.

नारबा साकारणारे दिलीप प्रभावळकर चित्रपट आला तेव्हा ६९ वर्षांचे होते. वाकलेली पाठ, बारीक आवाज, जपून टाकलेलं पाऊल यांतून ते वय उभं करतात, पण कीव मागत नाहीत. वाडीकडे बघताना त्या देहात जी जाग येते, तिच्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहतो. गुरू ठाकूर यांच्या गाण्यांतली मालवणी कानाला घरची वाटते. मध्यंतरानंतर कथा थोडी रेंगाळते खरी, पण मला ते खुपलं नाही. मरणाची वाट बघणाऱ्या माणसाचा वेळही असाच जात असणार.

म्हातारीला परतीच्या वाटेवर वाघापासून लपायला भोपळा लागला. नारबाचा भोपळा म्हणजे त्याची वाडी. बाणवली माड लावला की फळाला यायला सहा-सात वर्षं जातात, आणि पुढे तो साठ-सत्तर वर्षं नारळ देतो. त्याच्या आळ्यात पाणी घालणाऱ्याला महिन्यांचा हिशेब सुचतच नाही. मल्हार मात्र महिनेच मोजत बसतो.

आणखी एक फरक मला फार आवडतो. म्हातारी वाघाला थाप मारून निसटते. लहानपणी तिच्या हुशारीवर आम्ही टाळ्या पिटायचो. नारबाला थाप मारावीच लागत नाही. कराराप्रमाणे मरायला तो कधीच नकार देत नाही. सकाळी उठतो, वाडीत जातो, माडाला पाणी घालतो. खोत गडग्यापलीकडे उभा राहून बघतो, तर आज नारबाची चाल कालच्यापेक्षा बरी असते.