भाषा पदवीत हवी

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिलं लक्ष्य १०,००० तरुणांचं. अकोल्या-अमरावतीच्या पोरापोरींना आशा वाटणारच. पण इथं मोजणी झाली ती माणसांची. भाषेच्या पातळीचं काय?

युरोपच्या मापात सहा पायऱ्या आहेत, ए१ ते सी२. परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारण बी२, म्हणजे चौथी पायरी. आता बघा, चार-सहा महिन्यांच्या वर्गात नाव-गाव सांगता येतं. रात्रपाळीला एखादी म्हातारी तिच्या बोलीत 'कसंतरीच होतंय' म्हणाली, तर ते कळायला तेवढं पुरत नाही. आणि तिथं चूक जिवावर बेतते.

अमेरिकेत 'लँग्वेज फ्लॅगशिप' उपक्रमात विद्यार्थी चिनी, अरबी, रशियन अशा भाषा पदवीच्या विषयाबरोबर काही वर्षं शिकतात, शेवटी त्या भाषेच्या मुलखात राहतात. आपल्याकडे? बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. पाच जिल्ह्यांचं अमरावती विद्यापीठ वेगळं. या दोघांनी एकत्र बसून जर्मन पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमातच घातली पाहिजे. नाहीतर पोरगी कर्ज काढून पुण्यात खोली करून राहील, आणि करार कागदावरच राहील.