हॅना मोअर : वाचायला शिकवणारी लेखिका

बोधपर साहित्य म्हटले की हल्लीचा रसिक नाक मुरडतो. पूर्वरंग चाललेला असताना बुवा आख्यानाला केव्हा हात घालतात याची वाट पाहणाऱ्या श्रोत्यासारखी त्याची अवस्था होते. हे नाक मुरडणे सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. पण सगळाच बोध एका मापाने मोजणेही बरे नव्हे. हॅना मोअर या इंग्रज लेखिकेचे वाङ्मय या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

हॅनाबाईंचा जन्म १७४५ साली ब्रिस्टलजवळ एका शाळामास्तरांच्या घरी झाला. पाच बहिणींपैकी ही चौथी. बहिणींनी ब्रिस्टलमध्ये मुलींची शाळा काढली, आणि तिथल्या मुलींसाठी हॅनाबाईंनी पहिले नाटक लिहिले. पुढे त्या लंडनला गेल्या. डॉ. जॉन्सनसारखा विद्वान आणि गॅरिकसारखा नटश्रेष्ठ यांच्या बैठकीत त्यांना मानाचे स्थान मिळाले. १७७७ साली ‘पर्सी’ ही त्यांची शोकांतिका रंगभूमीवर गाजली. १७७९ साली गॅरिक वारला, आणि हळूहळू बाईंचे मन नाटकावरून उडून धर्माकडे वळले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारा विल्बरफोर्स त्यांचा स्नेही झाला. ज्या ब्रिस्टल बंदराची श्रीमंती त्या व्यापारावर पोसलेली होती, त्याच बंदराच्या परिसरात वाढलेल्या या बाईंनी १७८८ साली गुलामगिरीचा धिक्कार करणारे काव्य प्रसिद्ध केले. त्यांच्या धर्मनिष्ठेत किती बळ होते ते यावरून दिसते.

पण हॅनाबाई घरोघर पोचल्या त्या छोट्या पुस्तिकांमुळे. १७९५ ते १७९८ या काळात त्यांनी गोरगरिबांसाठी शंभराहून अधिक पुस्तिका काढल्या व त्यांतल्या निम्म्याच्या आसपास स्वतः लिहिल्या. किंमत अर्धा पेनी, एक पेनी, फार तर दीड. जत्रेत फेरीवाले विकत असलेल्या चावट गाण्यांच्या चोपड्यांसारखेच यांचे रूप, तसेच ठसठशीत चित्र. आत मात्र काम करा, दारू पिऊ नका, देवाला भिऊन वागा. पहिल्या वर्षभरात वीस लाख प्रती निघाल्या. अर्थात पुष्कळशा श्रीमंतांनी गठ्ठ्यांनी घेऊन वाटल्या होत्या. शेजारी फ्रान्समध्ये क्रांतीचा वणवा पेटलेला असताना आपला गरीब शांत राहावा ही त्यांची इच्छा होती, आणि ती बाईंचीही होती.

यांतली सर्वांत गाजलेली कथा ‘सॉल्सबरी पठारावरचा मेंढपाळ’. याच्या अंगरख्याला इतक्या रंगांची ठिगळे आहेत की मूळ रंग कोणता ते ओळखू येत नाही. बटाट्याबरोबर चिमूटभर मीठ मिळाले तरी हे कुटुंब देवाचे आभार मानते. ठिगळे लेखिकेने डोळ्यांनी पाहिलेली आहेत, म्हणून ती खरी वाटतात. समाधान मात्र तिने वरून चिकटवले आहे. एवढी पोरे पदरी असलेला बाप एकदाही चिडत नाही हे कोणत्या वाचकाला पटेल?

उलट, वाईट माणसे रंगवताना बाईंची लेखणी मोकळी होते. ‘काळा जाइल्स’ हा चोरटा शिकारी पाहा. येणाऱ्याजाणाऱ्याचे फाटक उघडण्याच्या मिषाने पोरांना रस्त्यावर उभे करून तो चार पैसे काढतो. विधवेच्या झाडाची सफरचंदे चोरून तो त्याचा आळ एका प्रामाणिक पोरावर आणतो. किंवा ‘दोन श्रीमंत शेतकरी’ मधला तो बढाईखोर ब्रॅगवेल घ्या. मुलींना मोठ्या शाळेत घालून त्याने दूधदुभत्याची लाज वाटायला शिकवले, आणि आता त्याच मुलींना बापाची लाज वाटते! हा बाप आपणही कुठे तरी पाहिलेला आहे. इथे बोध कथेतून आपोआप निघतो. मेंढपाळाच्या कथेत तो निघायच्या आधीच सांगितला जातो.

१८०८ साली आलेली ‘सीलेब्स’ ही कादंबरी बायको शोधत फिरणाऱ्या एका तरुणाची गोष्ट आहे. वर्षभरात तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आज ती वाचताना दम लागतो, कारण जेवणाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण प्रवचन करतो. नायिका ल्युसिला पहाटे उठते, बाग पाहते, गरिबांच्या झोपड्यांत जाते. तिला चूक करायला लेखिकेने जागाच ठेवलेली नाही. तरी एक जागा मोठी सुरेख आहे. ही मुलगी वडिलांजवळ गुपचूप लॅटिन शिकते हे आपल्याला उशिरा कळते. मुलींचे शिक्षण पियानो आणि नाच यांवर संपू नये, त्यांना विचार करायला शिकवावे, हे बाईंनी १७९९ च्या स्त्रीशिक्षणावरील ग्रंथात हिरिरीने मांडले होते. मात्र त्या विद्येने घराचा उंबरठा ओलांडू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले.

असाच उंबरठा त्यांनी गरिबांपुढेही घातला. १७८९ पासून त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने मेंडिप टेकड्यांतल्या गावांत शाळा काढल्या. शिकून मजूर बिघडेल म्हणून जमीनदार ओरडत होते; त्यांना न जुमानता बाईंनी पोरांना वाचायला शिकवले. पण लिहायला शिकवले नाही. बायबल वाचता आले म्हणजे पुरे! जिने स्वतः लेखणीच्या जोरावर नाव आणि पैसा मिळवला, तिनेच दुसऱ्याच्या हाती लेखणी देऊ नये? मास्तरकी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार खुपते. ज्याला नुसते वाचता येते त्याला आपले म्हणणे कागदावर मांडता येत नाही. मेंढपाळ कृत्रिम का झाला याचे उत्तर इथेच सापडते. त्याने काय बोलायचे ते बाईंनी आधीच ठरवले होते.

याला उत्तर देणारी बाई त्यांच्या आयुष्यातच आली होती. ॲन इयर्सली ही ब्रिस्टलची गवळण कविता करी. हॅनाबाईंनी हजारावर वर्गणीदार जमवून १७८५ साली तिचे पुस्तक छापवले; हे उपकार लहान नव्हेत. पण मिळालेला पैसा आपल्या ताब्यात ठेवला. ‘माझ्या मुलांचा पैसा माझ्या हाती का नाही?’ असा गवळणीचा प्रश्न होता. भांडण झाले आणि गवळणीने आपली बाजू छापून जगापुढे ठेवली. १७८८ सालीच तिनेही गुलामांच्या व्यापारावर कविता प्रसिद्ध केली, आणि पुढे स्वतःचे वाचनालय काढले.

हॅनाबाई १८३३ साली वारल्या. त्यांच्या भक्तिपर ग्रंथांची पाने आज कोणी फारशी उलटत नाही. जाइल्स आणि ब्रॅगवेल मात्र जरूर वाचावेत. बोध केला हा त्यांचा दोष नव्हे. आपली पात्रे आपल्याला उलट उत्तर देतील याची त्यांना धास्ती होती, आणि जिथे ती धास्ती विसरल्या तिथेच त्यांचे साहित्य जिवंत राहिले.