महाजन कोण, कुळावी कोण?

बंगळूरच्या रॉयल चॅलेंजर्स संघाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखन धावा, बळी आणि चषक ह्यांच्या हिशेबापलीकडे जात नाही. ज्या संस्थेच्या पायाशी लक्षावधी माणसे आपली निष्ठा वाहतात, तिची परीक्षा निव्वळ यशापयशावरून करून भागत नाही. देवस्थानाचा कारभार जसा आपण तपासतो, तसा तिचाही तपासावयास पाहिजे.

गोमंतकातील देवळांच्या व्यवस्थेत महाजन आणि कुळावी अशा दोन संज्ञा रूढ आहेत. कारभाराचा अधिकार महाजनांचा. कुळावी हे त्या दैवताला पिढ्यान्‌पिढ्या आपले मानणारे. कुळाव्याला कारभारांत मत नसेल, पण त्याच्यावाचून देवळाला अर्थ नाही. हीच मोजपट्टी आम्ही ह्या संघाला लावून पाहणार आहोत.

संघाचे महाजन कोण, हे प्रथमपासून उघड आहे. २००८ साली विजय मल्ल्या ह्यांच्या मद्यव्यवसायी समूहाने तो ११ कोटी १६ लाख डॉलर्सना विकत घेतला आणि आपल्या एका व्हिस्कीच्या नावावरून त्याचे बारसे केले. पुढे मल्ल्या गेले, कंपनीची सूत्रे डियाजिओ ह्या विलायती उद्योगाकडे आली. आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने महिला संघाचे हक्क ९०१ कोटी रुपयांना घेतले. म्हणजे एका शहराच्या नावाचे दोन संघ बोलीने विकत घेतले गेले. ह्यांत लपविण्यासारखे कांही नाही. परंतु विसरण्यासारखेही नाही.

संघांतील खेळाडू बाहेरगांवचे, ह्या आक्षेपांत मात्र आम्हांस फारसे तथ्य दिसत नाही. आश्रय देणारा एकीकडचा आणि गुणी माणूस दुसरीकडचा, हा आपल्या क्रिकेटचा जुनाच रिवाज आहे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याकडून खेळले. नागपूरच्या कर्नल सी. के. नायडूंनी इंदूरच्या होळकर संघाला नांवारूपास आणले. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ह्याच दोन संस्थानांची गांठ पडली आणि बडोद्याच्या हजारे-गुल महंमद जोडीने ५७७ धावांची भागी रचली. त्या धावा बडोद्याने आपल्याच मानल्या.

रॉयल चॅलेंजर्सकडे पाहतांना तर हा धागा अधिकच स्पष्ट दिसतो. २०२५ च्या विजेत्या पुरुष संघाचा कर्णधार रजत पाटीदार इंदूरचा. २०२२ च्या लिलावांत त्याला कोणी घेतले नव्हते. दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून तो आला आणि त्याच हंगामांतील बाद फेरीच्या सामन्यांत त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. अमरावतीच्या जितेश शर्माने २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून हातचा गेलेला सामना फिरविला. ३ जून २०२५ च्या अंतिम सामन्यात पंजाबवर सहा धावांनी विजय मिळाला, तेव्हा सामनावीर ठरला तो बडोद्याकडून नाव कमावलेला कृणाल पंड्या. गोव्याचा सुयश प्रभुदेसाईही ह्या संघातून खेळून गेला आहे. २०२२ मध्ये चेन्नईविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने १८ चेंडूंत ३४ धावा केल्या होत्या.

आणि महिला संघाची कर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. हजाऱ्यांच्या ह्या गांवच्या मुलीने २०१३ साली महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, त्याही बडोद्याच्याच मैदानावर. फेब्रुवारी २०२३ मधील महिलांच्या पहिल्या लिलावांत ३ कोटी ४० लाखांची सर्वोच्च बोली तिच्यावर लागली.

ह्या संघाच्या चाहत्यांची एक कानडी घोषणा आता बेळगांवच्या मराठी घरांनाही अपरिचित राहिलेली नाही: ‘ई साला कप नमदे’. ह्या खेपेस चषक आमचाच, असा तिचा भावार्थ. पुरुष संघाच्या सोळा हंगामांत तो चषक एकदाही आला नाही. १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत महिलांनी तो दुसऱ्याच हंगामांत आणला. दिल्लीची सलामी बिनबाद ६४ अशी भरभक्कम असतांना सोफी मोलिन्यूने एकाच षटकांत तीन बळी घेतले, श्रेयांका पाटीलने १२ धावांत चार गडी टिपले आणि दिल्लीचा डाव ११३ धावांत आटोपला. सामन्यानंतर मानधनाने घोषणेचा शेवट बदलून ‘नमदे’ऐवजी ‘नमदु’ म्हटले. चषक आमचाच होणार, ही इतक्या वर्षांची आशा त्या एका अक्षराने, चषक आमचा झाला, अशी सिद्धीस गेली.

दोन दिवसांनी बंगळूरच्या मैदानावर पुरुष खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून ह्या मुलींना मानवंदना दिली. दृश्य सुरेख होते. तथापि, मानकऱ्याचा मान पालखीच्या दिवशीच्या नारळावरून ठरत नाही, वर्षभराच्या वागणुकीवरून ठरतो. २०२३ मध्ये महिलांच्या स्पर्धेचे सर्व सामने मुंबई परिसरांत झाले, म्हणजे बंगळूरच्या संघाला बंगळूर दिसलेच नाही. त्या वर्षी प्रत्येक महिला संघाला खेळाडू घेण्यासाठी १२ कोटींची मर्यादा होती, पुरुष संघांना ९५ कोटींची. उत्पन्नांत अंतर असेल, तर वेतनांतही कांही काळ राहील, हे आम्ही समजू शकतो. परंतु स्वतःच्या अंगणांत दरवर्षी खेळावयास मिळणे हा पैशाचा प्रश्न नव्हे, हक्काचा आहे. स्पर्धेची आंखणी नियामक मंडळ करते हे खरे. पण ९०१ कोटी मोजणाऱ्या मालकांना त्या मंडळाशी ह्या बाबतीत भांडता आले असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुरुषांच्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जून २०२५ रोजी, बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मरण पावली आणि पन्नासाहून अधिक जखमी झाली. मैदानात माणसे मावणार चाळीस हजारांच्या आंत. लोटली कांही लाख. बंदोबस्ताची व्यवस्था पक्की होण्यापूर्वीच विजययात्रेचे निमंत्रण सर्वांना गेले होते. बाहेर माणसे मेली आणि आंत सत्कार, आखडता का होईना, पार पडला. कायद्याच्या दृष्टीने दोष संघाचा किती, पोलिसांचा किती, सरकारचा किती, हे ठरविणे न्यायासनाचे काम. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: निमंत्रण धाडणाऱ्याने दरवाजा कोण सांभाळणार, हे आधी पाहावयाचे असते की नाही?

देवस्थाने ह्या बाबतीत निर्दोष आहेत, असा आमचा मुळीच दावा नाही. त्याच वर्षी ३ मे च्या पहाटे शिरगांवी लईराईच्या जत्रेत चेंगरून भाविकांचे प्राण गेले. मात्र तेथील व्यवस्थेची चौकशी झाली तेव्हा ‘देवस्थानाचा काय संबंध?’ असे कोणी विचारले नाही. जत्रा भरविणाऱ्यावर जत्रेकरूंच्या जिवाची जोखीम असते, हे आपल्या समाजाने गृहीतच धरले आहे. रॉयल चॅलेंजर्सने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याचे जाहीर केले, ते ३० ऑगस्टला. ही रक्कम नाकारण्याजोगी नाही. पण नुकसानभरपाई म्हणजे व्यवस्था नव्हे.

ह्या अनर्थाची आणखी एक किंमत फारशी बोलली गेली नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकाचे चिन्नास्वामीवर ठरलेले सामने तेथून हलवावे लागले आणि त्यांची जागा नव्या मुंबईने घेतली. तेथेच २ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. मानधना त्या संघाची उपकर्णधार होती. पुरुषांच्या विजयोत्सवांत जी घडी विस्कटली, तिच्यापायी बंगळूरच्या मुलींना आपल्या गांवी विश्वचषकाचा एकही सामना पाहता आला नाही.

ह्या संघाने खेळाडू पारखले, त्यांतील उपेक्षितांना संधी दिली आणि सांगली-इंदूरच्या माणसांकडे आपले नेतृत्व सोपविले, ह्याबद्दल त्याची प्रशंसाच केली पाहिजे. परंतु ‘आमचा’ हा शब्द लोकांकडून घेतल्यावर त्याचे ऋणही फेडावे लागते. महिला संघाला दरवर्षी बंगळूरांत खेळावयास मिळावे ह्यासाठी मालकांनी आग्रह धरावा. आणि पुढचा कोणताही उत्सव जाहीर करण्यापूर्वी येणाऱ्या माणसांची वाट, पाणी, दरवाजे आणि परतीचा रस्ता ह्यांची जबाबदारी कोणाची, हे नांवानिशी लिहून प्रसिद्ध करावे. चषक त्यानंतर मिरवावा.