ऊसदर, कारभार आणि ‘संस्था’ : एका अर्थशास्त्रीय निबंधाचा परामर्श

सार्वजनिक धोरण आणि त्यामागील संस्थात्मक व्यवस्था ह्यांविषयीचे अर्थशास्त्रीय संशोधन गेल्या चार दशकांत विलक्षण वाढले. परंतु ज्याचा विषय मराठी वाचकाच्या अगदी दारातला आहे असे लेखन त्यात थोडेच आढळते. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय ह्या चार अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ ह्या शिकागोच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांवरील निबंध हा त्या थोड्यांपैकी एक होय. त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. ज्या भाषेत ऊस पिकतो, तोडला जातो आणि सर्वसाधारण सभेत ज्याच्या दरावरून रणे माजतात, त्या भाषेतून त्याचे परीक्षण व्हावयास हवे. निबंधातील गणित तपासणे हा प्रस्तुत परामर्शाचा हेतू नाही. ते काम त्या शास्त्रातील अधिकाऱ्यांचे आहे. निबंधातील कळीचे शब्द कोणते, ते काय दाखवितात आणि काय झाकतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम निबंधाचा मुख्य विचार सांगणे प्राप्त आहे. सहकारी कारखान्यात प्रत्येक सभासदाला एक मत असते आणि प्रत्येकाच्या उसाला दर टनामागे सारखाच भाव मिळतो. भागभांडवलावरील लाभांशाला कायद्याने मर्यादा घातलेली असल्याने नफा वाटण्याचा खरा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे ऊसदर. मोठा बागाईतदार जास्त ऊस घालतो, तेव्हा दर जास्त असावा असे त्यालाच सर्वांत अधिक वाटले पाहिजे. असे असता संचालक मंडळावर मोठ्या बागाईतदारांचे वर्चस्व असलेले कारखाने दर कमी का देतात, हे कोडे आहे, आणि ते निबंधकारांनी मोठ्या कुशलतेने सोडविले आहे.

एक काल्पनिक हिशेब घेतला म्हणजे त्यांचा युक्तिवाद ध्यानात येईल. समजा, शंभर टनांपैकी साठ टन ऊस लहान शेतकऱ्यांचा आणि चाळीस टन मोठ्यांचा आहे. दर टनामागे दहा रुपये कमी दिले तर कारखान्याच्या गंगाजळीत हजार रुपये राहतात. त्यांतील चारशे मोठ्यांचेच असतात, पण सहाशे लहानांचे असतात. गंगाजळीच्या किल्ल्या मोठ्यांच्या हाती असल्या की हे सहाशे त्यांच्या कामी येतात. आता शंभरांतील पंचाण्णव टन मोठ्यांचाच असेल, तर दर पाडून दुसऱ्याचे हाती लागते ते पन्नास रुपये. एवढ्यासाठी स्वतःचे साडेनऊशे रुपये त्या वाटेने फिरविण्यात काही स्वारस्य नाही. उलट पंचाण्णव टन लहानांचा असेल तर मोठ्यांच्या हाती किल्ल्या राहणेच कठीण. म्हणजे जेथे सारे सारखे, मग ते सारे मोठे असोत की सारे लहान, तेथे दर बरा. आणि जेथे लहानमोठ्यांची सरमिसळ, तेथे दर पाडण्याचा मोह प्रबळ. दर पडला की लहान शेतकरी ऊस कमी लावतो, गुऱ्हाळाकडे किंवा दुसऱ्या पिकाकडे वळतो, आणि कारखान्याची गाळपक्षमताही जेवढी असावयास हवी तेवढी वाढत नाही. विषमतेमुळे केवळ वाटणी बिघडते असे नसून उत्पादनही घटते, हा निबंधाचा गाभा. १९७१ ते १९९३ ह्या काळातील सुमारे शंभर कारखान्यांच्या आकडेवारीवर हे अनुमान पडताळून पाहिलेले आहे.

निबंधाचे सर्वांत मोठे श्रेय भाषेच्या अंगाने पाहिले असता अधिक स्पष्ट होते. साखर कारखानदारीविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक दोन शब्दांच्या मध्ये हेलकावे खाते : ‘सहकारमहर्षी’ आणि ‘साखरसम्राट’. गंमत अशी की हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच माणसाला उद्देशून वापरले जातात. गौरवग्रंथात तो महर्षी असतो आणि निवडणुकीच्या सभेत सम्राट. दोन्ही शब्दांत प्रश्न माणसाच्या स्वभावाचा बनतो. प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात पहिला कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ ह्यांच्यासारखी माणसे होती म्हणून सहकार फळला, आणि पुढे तशी माणसे राहिली नाहीत म्हणून तो नासला, अशी एक सोयीची कथा ह्या शब्दांनी रूढ केली आहे. निबंधकारांनी ही कथा संपूर्णपणे बाजूला ठेवली आहे. त्यांच्या प्रतिमानात कोणी महर्षी नाही आणि कोणी सम्राटही नाही; जमिनीची वाटणी जशी, तसा दर. नीतीची भाषा सोडून रचनेची भाषा बोलण्याचे हे धैर्य अभिनंदनीय आहे.

परंतु नीतीची भाषा अशी सहजी सुटत नाही; ती पारिभाषिक शब्दांच्या आडून परत येते. निबंधाच्या शीर्षकातीलच ‘रेंट-सीकिंग’ हा शब्द घ्यावा. ‘रेंट’ला मराठी अर्थशास्त्रात ‘खंड’ हा शब्द रूढ आहे, आणि रिकार्डोपासून त्या संज्ञेचा अर्थ हळूहळू जमिनीपासून सुटत गेला. गॉर्डन टलक ह्यांनी १९६७ साली ह्या कल्पनेची मांडणी केली आणि ॲन क्रूगर ह्यांनी १९७४ साली तिला आजचे नाव दिले. त्यांच्या विवेचनात खंड म्हणजे काही निर्माण न करता केवळ अधिकाराच्या बळावर मिळविलेला लाभ होय. मराठी विद्यार्थी ह्याचे ‘खंड-शोधन’ असे शब्दशः भाषांतर करील तर अनर्थ ओढवेल, कारण साखरपट्ट्यात ‘खंड’ ह्या शब्दाला स्वतःचा एक कडवट इतिहास आहे. खाजगी कारखान्यांना खंडाने जमिनी देणारे ‘खंडकरी’ शेतकरी, कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर त्या जमिनींचे सरकारी शेती महामंडळाकडे झालेले हस्तांतर, आणि त्या परत मिळविण्यासाठी पिढ्यानुपिढ्या चाललेली झुंज, हे सारे त्या एका शब्दात साठलेले आहे. तेथे खंड मागणारा हा लुबाडणारा नसून लुबाडला गेलेला आहे.

बोलभाषेत ह्या कल्पनेसाठी शब्द आहे, तो ‘मलिदा’. अर्थ अचूक बसतो. पण मलिदा म्हटले की आरोप झाला, आणि आरोप सिद्ध करावा लागतो. इंग्रजी संज्ञेची सोय हीच की ती आरोप करूनही केला नाही असे भासवते. निबंधाच्या आकडेवारीत दर दिसतो, क्षमता दिसते, परिसरातील जमीनधारणा दिसते. राखून ठेवलेला पैसा पुढे कोठे गेला हे दिसत नाही. तो वळविला गेला असावा, हे दराच्या चढउतारावरून काढलेले अनुमान आहे. अनुमान बळकट आहे हे मान्य केले, तरी ‘वळविणे’ ह्या क्रियापदात कोणाच्या दृष्टीने योग्य आणि कोणाच्या दृष्टीने अयोग्य हा निर्णय आधीच झालेला असतो. कारखान्याच्या पैशातून महाविद्यालय निघाले, दवाखाना उभा राहिला, देवालयाचा जीर्णोद्धार झाला. ज्या लहान सभासदाच्या बिलातून टनामागे दहा रुपये गेले, त्याचीच मुलगी त्या महाविद्यालयात शिकली असेल तर त्या दहा रुपयांना काय म्हणावयाचे? आणि तिला प्रवेशासाठी अध्यक्षांच्या चिठ्ठीची गरज पडली असेल तर? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत. ‘रेंट’ ह्या एका शब्दात ती दोन्ही बुडून जातात.

येथे समाजशास्त्रज्ञांचे जुने लेखन आठवणे अपरिहार्य आहे. बा. स. बाविस्कर ह्यांनी कोपरगाव येथील कारखान्याचा प्रत्यक्ष राहून अभ्यास केला; त्यांचा ग्रंथ १९८० साली निघाला. डोनाल्ड ॲटवुड ह्यांचा पश्चिम भारतातील उसावरचा ग्रंथ १९९२ चा. ॲटवुड ह्यांचा रोख असा की, कारखाना चालावयाचा तर पुरेसा ऊस हवा, तो लहानांवाचून मिळत नाही, म्हणून मोठ्यांना लहानांशी मैत्री करावी लागते, आणि ह्या सरमिसळीतच महाराष्ट्रातील सहकाराचे बळ आहे. अर्थशास्त्रज्ञांना जे दुबळेपणाचे कारण दिसते तेच मानववंशशास्त्रज्ञाला बळाचे कारण दिसते! हा विरोध वरवर दिसतो तितका अभेद्य नाही. एकजण कारखाना उभा कसा राहिला हे विचारतो, दुसरे त्याने दर किती दिला हे विचारतात. तथापि ज्याला कारखान्यांचा इतिहास लिहावयाचा आहे त्याला दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतील, आणि ते काम निबंधात झालेले नाही.

आता ‘संस्था’ ह्या शब्दाकडे वळावे, कारण खरा गोंधळ तेथे आहे. डग्लस नॉर्थ ह्यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात ‘इन्स्टिट्यूशन’ आणि ‘ऑर्गनायझेशन’ ह्यांत काटेकोर भेद केला. पहिली म्हणजे व्यवहाराचे लिखित व अलिखित नियम. दुसरी म्हणजे त्या नियमांखाली खेळणारे गट. मराठीत दोहोंना ‘संस्था’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो, आणि बोलण्यात तर तो जवळजवळ नेहमी दुसऱ्याच अर्थाने येतो : शिक्षणसंस्था, पतसंस्था, दूधसंस्था. त्यामुळे ‘संस्था दुबळ्या असल्याने विकास खुंटतो’ हे वाक्य मराठीत वाचणारा, कारखाना वा बँक कमकुवत आहे असे समजतो. साखरपट्ट्यातील वस्तुस्थिती पुष्कळ ठिकाणी नेमकी उलटी आहे. तेथे संस्था, म्हणजे कारखाना, बँक, महाविद्यालय आणि दूधसंघ ह्यांची साखळी, अत्यंत प्रबळ असते. दुबळे असतात ते नियम. हे वाक्य मराठीत उच्चारता येऊ नये, ही परिभाषेची मोठी उणीव होय. कायद्याच्या भाषेत मुरलेला ‘वहिवाट’ हा शब्द येथे उपयोगी पडेल. लिखित असो वा नसो, जी चालत आली आणि जिला लोक बांधील आहेत ती वहिवाट. ‘नियम व वहिवाट’ असे जोडपद योजले तर नॉर्थ ह्यांचा भेद मराठीत तरी निसटणार नाही.

‘गव्हर्नन्स’चीही तीच दशा. जागतिक बँकेच्या १९८९ च्या आफ्रिकाविषयक अहवालानंतर ही संज्ञा सर्वत्र पसरली आणि मराठीत ती ‘शासन’, ‘सुशासन’ अशी उतरली. पण ‘शासन’ म्हणजे मराठीत सरकार, आणि ‘शासन करणे’ म्हणजे दंड करणे. कारखान्याच्या संचालक मंडळाने चालविलेल्या व्यवहाराला शासन म्हणणे विपरीत आहे. तेथे ‘कारभार’ हा जिवंत शब्द आहे. त्याचा कर्ता ‘कारभारी’ आहे, आणि अनेकांच्या हाती गेलेल्या कामाचा कसा विचका होतो हे सांगावयास ‘बारभाई कारभार’ हा वाक्प्रचारही पेशवाईपासून आहे. ‘नियंत्रणाधिकार’ ही निबंधातील कल्पना तर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ह्या म्हणीत गावोगाव ठाऊक आहे. म्हणीला प्रमेयाची जागा देता येत नाही हे खरे. पण म्हण जे आधीपासून जाणते ते प्रमेयाने नव्याने शोधले असेही मानू नये.

निबंधानंतरच्या संशोधनाचा येथे ओझरता उल्लेख पुरे. संदीप सुखटणकर ह्यांच्या २०१२ च्या निबंधात राजकीय पुढाऱ्यांच्या ताब्यातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी ऊसदर कमी देतात, आणि पुढारी निवडून आला तर ती तूट काही अंशी भरून निघत असावी, असे दाखविले आहे. म्हणजे लहान शेतकऱ्याचा पैसा केवळ मोठ्या शेतकऱ्याकडे जात नाही, तर तो निवडणुकीत जातो आणि कदाचित परतही येतो. बॅनर्जीप्रभृतींच्या प्रतिमानात ‘मोठा शेतकरी’ आणि ‘पुढारी’ एकच धरले आहेत. सुखटणकर ह्यांनी तो धागा उसवला. शिवाय मूळ आकडेवारी १९९३ ला थांबते. १९९८ साली साखर उद्योगावरील परवानापद्धती उठली, २००९ नंतर किमान दराच्या जागी ‘रास्त व किफायतशीर दर’ आला, आणि आज महाराष्ट्रात गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी सुमारे निम्मे खाजगी आहेत. लहान शेतकऱ्याला दुसरे दार उघडे असताना निबंधातील यंत्रणा कितपत टिकते, हे नव्याने तपासावयास हवे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र ‘दर’ ह्या साध्या शब्दाविषयीच आहे. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडून कारखान्याला पोचवितो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो, आणि तो खर्च वजा जाता उरलेला दर शेतकऱ्याच्या हाती पडतो. म्हणून येथे दर किती ह्याइतकाच तोड केव्हा हा प्रश्न महत्त्वाचा असतो. नियम असा की लागणीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे क्रम लागावा. पण टोळी कोणाच्या फडात आधी उतरायची हे ज्यांच्या हाती, ते चिटबॉयपासून संचालकापर्यंत सारे त्या कारभारात भागीदार असतात. उन्हाळ्यापर्यंत उभा राहिलेला ऊस वजनात घटतो, त्याला तुरे येतात, आणि पुढच्या खोडव्याचीही नासाडी होते. सर्वांना सारखा दर देऊनही दोन सभासदांच्या पदरात अगदी निराळी रक्कम पडू शकते, आणि त्या फरकाची नोंद दराच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. निबंधकारांनी सारखा दर हे गृहीत धरून त्यावर सारी इमारत रचली. त्या सारखेपणाच्या आत जी विषमता घडते ती त्यांच्या मोजमापाबाहेर राहिली.

आणि जी टोळी तो फड तोडते, ती तर प्रतिमानात कोठेच नाही. मराठवाड्यातून उचल घेऊन, मुकादमाच्या मागे, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी ही माणसे कारखान्याची सभासद नसतात. त्यांना मत नाही, ऊस नाही, दर नाही. कारखान्याच्या हिशेबात ती ‘तोडणी व वाहतूक’ ह्या सदरात येतात. ते सदर दरातून वजा होते, म्हणजेच तोडणीचा मोबदला कमी ठेवण्यात लहान आणि मोठ्या सभासदांचे हित एक होते. ज्या निबंधाचा विषयच विषमता आणि नियंत्रण हा आहे, त्यात सर्व सभासदांना एकत्र आणणारा हा एकमेव मुद्दा अनुल्लेखित राहावा, हे त्याच्या ‘सभासद’ ह्या शब्दाच्या व्याख्येतूनच घडलेले आहे.