दंडसंहितेची पुनर्रचना आणि गाळलेले कलम : भारतीय न्याय संहिता, २०२३ – एक चिकित्सा

प्रास्ताविक

राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील संबंधांचे स्वरूप ज्या दस्तऐवजांतून स्पष्ट होते, त्यांत संविधानाखालोखाल दंडसंहितेचे स्थान आहे. कोणते कृत्य गुन्हा मानावे आणि कोणाच्या देहाला कायद्याचे संरक्षण द्यावे, हे दंडसंहिता ठरवते. १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. वसाहतकालीन कायद्याचा भर दंडावर होता, नव्या कायद्याचा भर न्यायावर आहे, अशी शासनाची भूमिका होती. नव्या संहितेत जे कलम आले नाही, त्याच्या आधारे या भूमिकेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

दुरुस्तीची परंपरा

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. मसुद्याला विस्तृत टिपा जोडून तरतुदींमागील कारणमीमांसा दिली होती. तो मसुदा परकीय सत्तेचा होता, हे निर्विवाद आहे. तथापि बदलाचे कारण सांगण्याचा दंडक त्याने घालून दिला.

स्वातंत्र्योत्तर काळात विधी आयोगाने १९७१ च्या ४२ व्या अहवालात संहितेचा समग्र फेरविचार केला. त्यावर आधारित विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत संमत झाले. परंतु १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. त्यानंतरचे महत्त्वाचे बदल समाजाच्या वेदनेतून घडले. १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना दोषमुक्त केले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समितीने सुमारे ८०,००० सूचनांचा विचार करून २९ दिवसांत अहवाल दिला. बलात्काराच्या व्याख्येत आरोपी पुरुष असावा, पीडित मात्र कोणतीही व्यक्ती असू शकते, हे तत्त्व समितीने मांडले. २०१३ च्या दुरुस्ती कायद्यात पीडित म्हणून केवळ स्त्रीचाच उल्लेख राहिला.

गाळलेले कलम

परिणामी प्रौढ पुरुष व तृतीयपंथी यांच्यावरील लैंगिक अत्याचारासाठी जुन्या संहितेचे कलम ३७७ हाच मुख्य आधार उरला. हे कलम समलिंगी व्यक्तींच्या छळाचे साधन बनले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. परंतु संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते कलम कायम ठेवले. हा भेद न्यायालयाने विचारपूर्वक केला होता.

नव्या संहितेच्या विधेयकात मात्र संपूर्ण कलमच आढळत नाही. गृहविषयक संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ मधील अहवालात संमतीविरहित कृत्यांसाठी ही तरतूद समाविष्ट करावी, अशी शिफारस केली. समितीच्या इतर काही सूचनांनुसार डिसेंबरमध्ये सुधारित विधेयक आले. ही शिफारस त्यात नव्हती. २० व २१ डिसेंबर रोजी दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. त्या अधिवेशनात एकूण १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. ज्या सभागृहात हा प्रश्न विचारला जावयाचा, तेथील विरोधी बाके अशा प्रकारे बरीचशी रिकामी होती.

या अभावाचे परिणाम गंभीर आहेत. संमत झालेल्या संहितेनुसार स्त्रीवरील बलात्कारास किमान १० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१९ च्या स्वतंत्र कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा आहे. अठरा वर्षांखालील मुलांना २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याचा आधार आहे. प्रौढ पुरुषाला मात्र दुखापत, हल्ला किंवा डांबून ठेवणे अशा सर्वसाधारण कलमांचाच आश्रय घ्यावा लागतो. त्याच्यावर झालेल्या अत्याचाराला त्याच्या खऱ्या नावाने संबोधणारी तरतूद संहितेत ठेवली गेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या उणिवेकडे केंद्र शासनाचे लक्ष वेधले आणि यासंबंधीच्या निवेदनावर निर्णय घेण्यास सांगितले.

कलम ३७७ ची भाषा सदोष होती, हा आक्षेप योग्यच आहे. ते संमतीच्या नव्हे, तर 'निसर्गक्रमा'च्या कल्पनेवर उभे होते. तसेच बलात्काराचा कायदा सर्वार्थाने लिंगनिरपेक्ष केल्यास स्त्रियांवरच प्रतितक्रारी होतील, ही स्त्री संघटनांची भीतीही निराधार नाही. परंतु आरोपी पुरुष आणि पीडित कोणतीही व्यक्ती, हे वर्मा समितीचे सूत्र दोन्ही आक्षेपांचे निरसन करते. हा मार्ग २०१३ पासून संसदेसमोर होता.

समारोप

कलमांचे क्रमांक व संहितेचे नाव बदलल्याने वसाहतवादी वारसा संपत नाही. जुने कलम रद्द करताना त्यातील अन्याय्य भाग कोणता आणि संरक्षक भाग कोणता, याचा विवेक राज्यसंस्थेने करणे आवश्यक असते. २०१८ मध्ये न्यायालयाने तो केला. २०२३ मध्ये विधिमंडळाने अन्यायासोबत संरक्षणही काढून टाकले आणि त्याचे कारण विधेयकात नोंदवले नाही. 'न्याय' हा शब्द शीर्षकात धारण करणाऱ्या संहितेचे मूल्यमापन, ज्यांना तिने वगळले त्यांच्या बाजूनेच करावे लागेल.