सूर्यमालेची मालिका आणि प्रेक्षकांचे अभिप्राय

विज्ञानविषयक माहितीपट दाखवून झाला की प्रेक्षकांचे अभिप्राय लिहून घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. हे अभिप्राय बहुधा ठरावीक वळणाचे असतात. चित्रीकरण अप्रतिम होते, खूप माहिती मिळाली, संगीत जरा जास्त होते, आपल्याकडे असे कार्यक्रम का होत नाहीत, या चार वाक्यांत बहुतेक मते मावतात. आयोजकांना समाधान वाटते. परंतु प्रेक्षक नेमके काय शिकला, हे या मतांवरून कळत नाही. आणि मालिका कोठे कमी पडली, हेही बरेचदा कळत नाही. एका गाजलेल्या मालिकेच्या निमित्ताने ही चार मते तपासून पाहू.

मालिका आहे बीबीसीची 'वंडर्स ऑफ द सोलर सिस्टिम'. ती २०१० साली प्रथम प्रक्षेपित झाली. तिचे पाच भाग असून प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा आहे. निवेदक ब्रायन कॉक्स हे मँचेस्टर विद्यापीठातील कणभौतिकीचे प्राध्यापक. मालिकेचे सूत्र सोपे आणि सशक्त आहे : भौतिकीचे जे नियम दूरच्या ग्रहांवर चालतात तेच पृथ्वीवर चालतात, म्हणून ग्रह समजून घ्यायचे तर आधी पृथ्वीवरचे त्यांच्यासारखे ठिकाण शोधावे. त्यामुळे शनीच्या कड्यांसाठी आइसलंडमधले तरंगते हिमखंड येतात, गुरूचा उपग्रह आयो याच्यासाठी इथिओपियातील एर्टा आले ज्वालामुखीचे लाव्हाचे तळे येते, आणि वातावरणाचा पातळ थर दाखवण्यासाठी निवेदक लढाऊ विमानातून उंच जातो.

हे सूत्र मान्य केले की एक प्रश्न आपोआप निघतो. नियम सर्वत्र तेच असतील, तर अशी ठिकाणे थळलाही सापडली पाहिजेत. अलिबागच्या उत्तरेला, खांदेरी-उंदेरीच्या समोरचे हे किनाऱ्यावरचे गाव. पुढची उदाहरणे मुद्दाम या गावाच्या परिसरातून घेतली आहेत.

'चित्रे अप्रतिम'

हे मत खरे आहे. परंतु पडद्यावरच्या चित्रांत तीन वेगवेगळ्या जाती मिसळलेल्या असतात : यानाने टिपलेले छायाचित्र, मोजमापांवरून संगणकाने उभे केलेले चित्र, आणि चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले दृश्य. सूर्यमालेवरच्या बहुतेक मालिकांत यातले कोणते केव्हा चालू आहे, हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही.

शुक्राचे उदाहरण घ्या. शुक्राचे ढग दाट असल्यामुळे वरून त्याचा पृष्ठभाग साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने रडारने त्याचा नकाशा केला. त्यावरून तयार केलेल्या प्रसिद्ध चित्रांतला नारिंगी रंग नंतर भरलेला आहे. तो रशियन व्हेनेरा यानांनी पृष्ठभागावर उतरून घेतलेल्या छायाचित्रांवरून ठरवला. काही चित्रांत पर्वतांची उंची वीसपटींहून अधिक वाढवलेली आहे. प्रेक्षकाला मात्र शुक्रावर सुळक्यांसारखे डोंगर आहेत असे वाटते.

नेपच्यूनचा गडद निळा रंगही असाच. १९८९ साली व्हॉयेजर २ ने पाठवलेल्या चित्रांत ढगांचे बारकावे दिसावेत म्हणून रंगभेद वाढवला होता. त्या वेळी तसे नमूदही केले होते. पुढे चित्र राहिले आणि खुलासा गळून पडला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२४ साली जुन्या चित्रांचे रंग पुन्हा तपासले, तेव्हा युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट-निळे असून नेपच्यून किंचितच अधिक निळा असल्याचे दिसून आले. भिंतीवरच्या तक्त्यात तो अजून गडद निळाच आहे.

प्रमाणाचे काय होते ते याहून गंभीर आहे. पडद्यावर सगळे ग्रह शेजारी शेजारी मावतात. सूर्य १ मीटर व्यासाचा धरला, तर पृथ्वी ९ मिलिमीटरची असून ती १०७ मीटरवर ठेवावी लागेल. गुरू १० सेंटिमीटरचा, ५६० मीटरवर. आणि नेपच्यून साडेतीन सेंटिमीटरचा, सव्वातीन किलोमीटरवर. थळच्या पुळणीवर सूर्याचा गोळा मांडून नेपच्यूनपर्यंत चालत जायला पाऊण तास लागेल. कोणताही कॅमेरा हे रितेपण दाखवू शकत नाही. ते पायांनीच कळते.

'संगीत आणि भटकंती जास्त'

या तक्रारीला इतिहास आहे. याच निवेदकाच्या 'वंडर्स ऑफ द युनिव्हर्स' या २०११ सालच्या पुढच्या मालिकेत पार्श्वसंगीतामुळे निवेदन ऐकू येत नाही, अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या आणि बीबीसीने पुढील भागांत संगीताची पातळी खाली आणली. प्रेक्षकांच्या मतामुळे मालिका बदलली, असे हे उदाहरण.

पण तक्रार फक्त आवाजाच्या पातळीबद्दल झाली. अवकाशातून जाणाऱ्या यानाला आणि आदळणाऱ्या खडकांना जो घुमणारा आवाज जोडलेला असतो, त्याबद्दल क्वचितच कोणी बोलते. निर्वात जागेत ध्वनी प्रवास करत नाही, हे आपल्या शाळेत शिकवले जाते. विद्युत घंटा आणि हवा काढून घेण्याचा पंप घेऊन तसा प्रयोगही दाखवला जातो. त्याच विद्यार्थ्याला पडद्यावरचा गडगडाट खटकत नाही, हा खरा काळजीचा विषय आहे.

भटकंतीची तक्रार मात्र मला अर्धीच पटते. पहिल्या भागात कॉक्स अमेरिकेतील डेथ व्हॅलीच्या वाळवंटात एक डबा, थोडे पाणी, तापमापक आणि छत्री एवढ्याच साहित्यावर सूर्याची शक्ती मोजतात. जॉन हर्शेल यांनी १८३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केलेल्या मोजमापाचीच ही आवृत्ती. पाण्यावर आधी छत्रीची सावली धरायची, मग ती काढायची आणि तापमान किती वेगाने चढते ते पाहायचे. मालिकेतला हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. अभिप्रायांत तो फारसा येत नाही, कारण तो देखणा नाही.

यासाठी वाळवंट लागत नाही. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या उथळ डब्यात २०० ग्रॅम पाणी घ्या आणि ऊन नीट शोषले जावे म्हणून त्यात काळी शाई मिसळा. सूर्य माथ्यावर असताना डब्यावर जवळजवळ ८ वॅट ऊर्जा पडते. ती सगळी पाण्यात शिरली तर तापमान मिनिटाला अर्ध्या अंशाहून किंचित अधिक वाढेल. आपल्या दमट हवेत आकडा याहून कमी येईल. तो का कमी आला, यावरची चर्चा हाच पुढचा धडा. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळतात. या आकड्याला १५ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने गुणले की सूर्याची एकूण शक्ती हाती येते. दहावीचा विद्यार्थी हा गुणाकार करू शकतो.

'यात आपले काही नाही'

वरवर पाहता हे मतही चुकीचे आहे, कारण पहिल्याच भागात वाराणसी आहे. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण तेथे चित्रित झाले. तरीही तक्रारीत तथ्य आहे. वाराणसी येते ती घाट, गर्दी आणि श्रद्धा यांची पार्श्वभूमी म्हणून. या ग्रहणाचा आपल्या समुद्राशी काय संबंध, हे कोणी सांगत नाही.

संबंध आहे. त्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ होता, म्हणून त्याचे बिंब मोठे दिसत होते आणि प्रशांत महासागरावर खग्रास स्थिती कमाल ६ मिनिटे ३९ सेकंदांची झाली. हाच जवळ आलेला चंद्र सूर्याच्या रेषेत असल्याने भरतीही मोठी होणार होती. मुंबईसाठी २४ जुलै २००९ रोजी ५.०५ मीटरची भरती वर्तवलेली होती. ग्रहणाची चर्चा एका पानावर, भरतीचा इशारा दुसऱ्या पानावर, आणि दोन्हींचे कारण एकच. थळच्या कोळ्याला उधाण आणि भांग यांतला फरक शिकवावा लागत नाही. ग्रहणाशी त्याचे नाते मात्र शिक्षकाने जोडून द्यावे लागते.

हाच धागा पुढे आयोपर्यंत जातो. आयो गुरूभोवती साधारण ४२ तासांत फिरतो. युरोपाला त्याच्या दुप्पट आणि गॅनिमिडला चौपट वेळ लागतो. त्यांच्या ठरावीक ओढीमुळे आयोची कक्षा लंबगोल राहते, गुरूपासूनचे त्याचे अंतर कमी-जास्त होते आणि त्याच्या घन पृष्ठभागालाच भरती-ओहोटी येते. त्या मळण्याने आतला खडक तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी मार्च १९७९ मध्ये हे भाकीत प्रसिद्ध केले आणि त्याच आठवड्यात व्हॉयेजर १ च्या चित्रांत आयोवरचा ज्वालामुखी सापडला. मालिकेतले लाव्हाचे तळे थळच्या माणसाने पाहिलेले नसते, पण त्यामागचे कारण त्याच्या दारात दिवसातून दोनदा चढते-उतरते.

दुसरे उदाहरण सौरवाऱ्याचे. तो दाखवायला मालिका उत्तर नॉर्वेतील ध्रुवीय प्रकाशाकडे जाते. थळच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून सूर्याच्या वादळांची नोंद ठेवत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम कुलाब्याहून अलिबागला हलवले गेले. सप्टेंबर १८५९ मधील ख्यातनाम सौरवादळात कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली होती, आणि एकविसाव्या शतकातही संशोधक त्या नोंदीचा आधार घेतात. येथे ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, म्हणून सूर्याचे वादळ येथे पोचत नाही असे मुळीच नाही.

'खूप माहिती मिळाली'

चौथे मत सर्वांत निर्धास्त आणि म्हणून सर्वांत तपासण्याजोगे. माहिती आणि अनुमान यांत प्रेक्षक फरक करतो का? कॉक्स यांच्याच 'द प्लॅनेट्स' या २०१९ सालच्या मालिकेत गुरू आरंभीच्या काळात सूर्याकडे सरकला आणि शनीच्या ओढीने पुन्हा बाहेर गेला, ही कथा प्रभावीपणे दाखवली आहे. २०११ साली मांडले गेलेले हे एक प्रतिमान आहे. मंगळ इतका लहान का, याचे ते चांगले स्पष्टीकरण देते. पण त्याला पर्यायी स्पष्टीकरणेही आहेत. पडद्यावर गुरूचे हे स्थलांतर आणि आयोवरचा प्रत्यक्ष पाहिलेला ज्वालामुखी सारख्याच खात्रीने येतात. विज्ञान कोठे ठाम आहे आणि कोठे चाचपडत आहे, हे ज्यातून कळत नाही, ती माहिती पाठांतराच्या जातीची ठरते.

मताऐवजी प्रश्न

आपल्याकडे याला एक चांगला पर्याय होऊन गेला आहे. दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' या मालिकेत प्रा. यशपाल प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरे देत असत. तेथे प्रेक्षकाचे मत नव्हे, त्याची शंका मोलाची होती. कार्यक्रम कसा वाटला याचे उत्तर 'छान' या एका शब्दात संपते. काय कळले नाही याचे उत्तर लिहिताना आधी विचार करावा लागतो.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते की सूर्यमालेवरची कोणतीही मालिका दाखवताना एका बैठकीत एकच भाग दाखवावा आणि नंतर तीन प्रश्न द्यावेत. पाहिलेल्यापैकी कोणते चित्र छायाचित्र होते आणि कोणते काढलेले? कोणत्या विधानाचा पुरावा सांगितला गेला आणि कोणत्याचा नाही? यातले काय आपल्या गावात पाहता किंवा मोजता येईल?

तिसऱ्या प्रश्नासाठी किनाऱ्यावरच्या शाळांना एक तयार अभ्यास आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, असा कोकणात रूढ हिशेब आहे : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पण पौर्णिमेला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, आणि खरी भरती बाराच्या सुमारास असते. बारा तासांना पंधराने भागले तर ४८ मिनिटे येतात, ४५ नव्हे. विद्यार्थ्यांनी एका पंधरवड्याच्या भरतीच्या वेळा स्वतः नोंदवून दर दिवशी पडणारा फरक काढावा आणि मग आयोचा भाग पुन्हा एकदा पाहावा. त्यानंतर ते जे लिहून देतील, ते वाचण्यासारखे असेल.