कोयत्याची परीक्षा कोण घेणार?

‘फोर्ज्ड इन फायर’ हा अमेरिकन रिॲलिटी शो २०१५मध्ये ‘हिस्टरी’ चॅनेलवर सुरू झाला. चार लोहार, पेटलेल्या भट्ट्या, उलटं धावणारं घड्याळ, फेरीगणिक एक जण बाद आणि जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर. धुळ्या-जळगावकडची माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं या शोच्या क्लिप्स जेवता जेवता बघतात. मीही बघतो, तेव्हा हे परीक्षण एका चाहत्याचंच समजा. पण आमच्या खान्देशात हातानं घडवलेलं मोठं पातं म्हटलं की कोयता आठवतो. आणि कोयता डोळ्यांपुढे ठेवून हा शो पाहिला, की त्याची परीक्षा घ्यायची पद्धत खटकायला लागते.

आधी श्रेय देऊ. लोखंडाला पाणी देणं म्हणजे काय, हे या शोनं ज्यांचा भट्टीशी काडीचा संबंध नाही अशांनाही शिकवलं. लाल पातं तेलात बुडवलं आणि बारीक ‘टिंग’ ऐकू आलं, की तडा गेला हे आता कॉमर्सच्या पोरालाही कळतं. वाकलेलं पातं, उकललेला जोड, चुकलेला अंदाज, सगळं कॅमेऱ्यासमोर घडतं. कारागिराचं फसणं इतक्या उघडपणे दाखवणारे कार्यक्रम फार नाहीत.

खटकतं ते पुढे. पातं तयार झालं की त्यानं दोर कापायचा, बर्फाची लादी फोडायची, हाडावर घाव घालायचा. शेवटी माणसाच्या आकाराचा जेलीचा पुतळा येतो. एक फटका, स्लो मोशन, परीक्षकाचा शेरा. आपल्याकडची रील्स तर याहून सुटसुटीत: ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत जातो, ठोकून-घासून चकचकीत होतो, पाण्यानं भरलेली बाटली एका झटक्यात कापतो आणि व्हिडिओ संपतो. हे पातं कोणाच्या हातात जाणार, रोज काय कापणार, हा प्रश्नच येत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर डेमो झकास झाला, पण वापरणारा कोण हे कुणी विचारलंच नाही.

आणि पात्याचं डिझाइन वापरणाऱ्यापासूनच सुरू होतं. लढायच्या सुऱ्याचं वजन मुठीजवळ हवं, म्हणजे मनगट चटकन वळतं. त्याला भोसकण्यासाठी टोक हवं, आणि हात धारेवर घसरू नये म्हणून मुठीपुढे आडवी पट्टी हवी. तोडायच्या पात्याचं गणित वेगळं. वजन पुढे, टोकाकडे हवं, म्हणजे हात खाली येताना पातंच अर्धं काम करतं. टोकाची फारशी गरज नाही, आडवी पट्टी तर कामात अडथळाच. ‘लढाईलाही चालेल आणि लाकडालाही’ असं पातं करता येतं, पण ते दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडतं. शोमध्ये ही तडजोड फारशी जाणवत नाही, कारण एका फटक्यात ती कळतच नाही.

ऊसतोडीचा कोयता बघा. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते. म्हणजे माणूस दिवसभर कमरेत वाकलेला. पातं थोडं जड झालं तर दुपारपर्यंत खांदा जातो, थोडं हलकं झालं तर एका उसाला दोन घाव लागतात. शिवाय धार फार कडक करून चालत नाही. जमिनीलगत दगड लागला की कडक धारेचा टवका उडतो, आणि फडात बसून कानस मारावी तर कानस नुसती घसरते. धार अशी हवी की संध्याकाळपर्यंत टिकेल आणि संध्याकाळी कानशीला दादही देईल. हा समतोल साधणं कठीण आहे, आणि तो कुठल्याही पुतळ्यावर तपासता येत नाही.

तो साधतो कसा, हे खान्देशातल्या बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला बघायला मिळतं. गाडी लोहार, म्हणजेच घिसाडी. बिऱ्हाड घेऊन फिरणारा समाज. छोटा भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. बरेचदा पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून बसतो आणि बाई उभी राहून घण मारते. माल तोच, गाडीच्या कमानीचा पाटा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का, म्हणून तो पाणी घेतो. पातं लाल झालं की फक्त धारेची बाजू पाण्यात धरायची. पाठ गरमच राहते आणि तिची उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासून उजळ केलेल्या धारेवर रंग चढू लागतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग दिसला की पुन्हा पाण्यात. धार कडक, पाठ चिवट. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. गिऱ्हाईक मात्र शेजारीच उकिडवं बसलेलं. ते कोयता हातात घेऊन हवेत फिरवतं, तोंड वाकडं करतं, परत देतं. पुन्हा भट्टी. माझ्या मते डिझाइन रिव्ह्यू म्हणायचा तो हाच.

शिवाय हे पातं एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. वापरून बोथट झालं की ते परत ऐरणीवर येतं. तापवून, ठोकून धार पुन्हा पातळ काढायची आणि पुन्हा पाणी द्यायचं. याला शेवटणं म्हणतात. शब्दात ‘शेवट’ आहे, पण काम नव्यानं सुरुवात करून द्यायचं. शोमध्ये निकाल लागला की पात्याची गोष्ट संपते. इथे पुढच्या हंगामात तेच पातं थोडं अरुंद होऊन परत येतं.

हे सगळं कारागिरीचं कौतुक म्हणून सोडून देता येत नाही, कारण महाराष्ट्रात कोयता हे माणसांचंही माप आहे. ऊसतोडीचा करार ‘कोयत्या’वर होतो: एक कोयता म्हणजे नवरा-बायको, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. खान्देशातून दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे तोडीला जाणाऱ्या मजुरांबद्दल यान ब्रेमन या डच अभ्यासकानं १९७०च्या दशकात लिहिलं. तिथेही मजुरांची टोळी कोयत्यांतच मोजली जायची, आणि त्या मापात बाप्या-बाईसोबत पोरही धरलेलं असायचं. हत्याराचं नाव माणसाला चिकटलं आणि माणूस मोजणीतून गेला.

मग पुण्यातून ‘कोयता गँग’ हा शब्द आला, २०२३पर्यंत मथळ्यांत रुळला आणि कोयत्याला तिसराच अर्थ मिळाला. ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांची भीती खरी आहे, ती कमी लेखायचं कारण नाही. पण रील असो, शो असो की बातमी, तिघांनाही पात्याचा एकच क्षण दिसतो: उगारलेला हात. कायदा याबाबत जास्त समंजस वाटतो. शस्त्र कायदा १९५९चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदा इंच मोजतो आणि मग विचारतो, हे कशासाठी घडवलं? समीक्षकानंही सुरुवात इथूनच करायला हवी.

म्हणून या शोला एक भाग सुचवतो. चार लोहारांना कोयता करायला सांगा. तोडणारी माणसं पहिल्या दिवसापासून ऐरणीशेजारी बसवा. जेलीचा पुतळा नको. महिनाभर उसाचा फड द्या. महिन्यानं सगळे कोयते शेवटायला परत आणा, आणि कोणाचं पातं किती उरलं, कोणाचा खांदा किती दुखला यावर गुण द्या. आणि जिंकलेले १०,००० डॉलर दोघांत वाटा: अर्धे सांडशी धरणाऱ्याला, अर्धे घण मारणारीला.